न हलणाऱ्या सायकलीचा पासंग

वाण्याच्या दुकानात पूर्वी जाणते गिऱ्हाईक आले की ते प्रथम धान्याकडे पाहत नसे. ते रिकाम्या पारड्यांकडे पाही. पारडी समपातळीत नसली तर वाणी हलक्या बाजूस एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधी. त्यालाच आपण पासंग म्हणतो. धान्य किती भरले हा प्रश्न नंतरचा, तराजू खरा आहे काय हा आधीचा. आज मी ज्या यंत्राविषयी बोलणार आहे, त्याच्यापुढे हा आधीचा प्रश्न सहसा कोणी मांडीत नाही.

ते यंत्र म्हणजे जागच्या जागी फिरणारी सायकल. शहरांतील व्यायामशाळांत, इस्पितळांच्या हृद्रोग विभागांत आणि हल्ली पुष्कळशा घरांतूनही ती दिसते. तिच्या दांडीवर एक लहानसा पडदा असतो व त्यावर वॅटचा आकडा उमटतो : १५०, १८०, २००. पायडल मारणाऱ्याचे सारे लक्ष त्या आकड्यावर खिळलेले असते. आता त्याच माणसाला शेजारच्या यंत्रावर बसवावे. घाम तेवढाच, धाप तेवढीच. आकडा मात्र वीसपंचवीसाने निराळा! दोहोंपैकी खोटे कोण बोलते? की दोन्ही यंत्रे खोटे बोलतात?

श्रोतेहो, या प्रश्नाचा इतिहास सायकलीहून जुना आहे. शक्ती मोजण्याची कल्पना तत्त्वज्ञाच्या एकांतात जन्मली नाही, बाजारात जन्मली. जेम्स वॅट याला आपली वाफेची एंजिने विकावयाची होती आणि त्याचे गिऱ्हाईक होते घोडे जुंपून गिरण्या चालविणारे. त्यांचा सवाल साधा होता : तुमचे हे धूड आमचे किती घोडे वाचवील? १७८० नंतरच्या दोनतीन वर्षांत वॅटने त्याचा हिशेब मांडला. बारा फूट त्रिज्येच्या रिंगणात घोडा तासाला १४४ फेरे घालतो व १८० पौंडांची ओढ लावतो, असे त्याने धरले. गुणाकार करता मिनिटाला साडेबत्तीस हजारांच्या आसपास फूट-पौंड येतात. त्याने सरळ ३३,००० हा आकडा घेतला आणि तीच अश्वशक्ती होऊन बसली. सामान्य घोडा दिवसभर एवढे काम रेटू शकत नाही. म्हणजे हे माप मुळातच जरासे फुगविलेले होते. परंतु ते सर्वांसाठी सारखेच फुगविलेले असल्यामुळे व्यवहाराला बाध आला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे. १८८२ साली वॅटचेच नाव शक्तीच्या नव्या एककास देण्याची सूचना झाली, आणि ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती असे प्रमाण ठरले. धडधाकट माणूस दिवसभराच्या कामात सुमारे ७५ वॅट, म्हणजे घोड्याचा दहावा हिस्सा, देऊ शकतो. कसलेला सायकलपटू तासभर चारशेच्या घरात राहतो.

वॅटने घोड्याची शक्ती ठरविली खरी, पण फिरत्या आसाची शक्ती प्रत्यक्ष तोलून पाहण्याची युक्ती फ्रान्सच्या गास्पार द प्रोनी या इंजिनिअरने १८२१ साली काढली. त्याने आसाभोवती लाकडाचे दोन ठोकळे आवळले व त्यांना एक लांब दांडा जोडला. आस फिरू लागला की घर्षणामुळे दांडाही त्याच्याबरोबर फिरू पाहतो. त्याच्या टोकास वजने टांगून तो आडवा स्थिर ठेवावयाचा आणि फेरे मोजावयाचे; की झाली शक्तीची किंमत. या युक्तीची खरी थोरवी निराळीच आहे. लाकूड कोरडे आहे की तेलकट, घर्षण किती, हे काही जाणण्याची गरजच उरत नाही. घर्षण वाटेल तेवढे बदलो, टांगलेले वजन त्याची साक्ष देतेच. येथे बल तोलले जाते, त्याचा अंदाज केला जात नाही. तोलणे आणि अंदाजणे या दोन वाटा येथूनच फुटतात, आणि आजच्या सायकलीच्या पडद्यावरचा आकडा खरा की खोटा हे ती कोणत्या वाटेने आली आहे यावर पुष्कळसे अवलंबून असते.

माणसाच्या श्रमाचे मोजमाप मात्र प्रथम फार कठोर ठिकाणी सुरू झाले. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट याने इंग्लंडातील तुरुंगांसाठी पायऱ्यांचे मोठे चाक योजले; कैद्यांनी ते तासन्‌तास तुडवावयाचे. किती फूट चढण झाली यावर शिक्षेचे माप ठरे. एडवर्ड स्मिथ या डॉक्टरने १८५० नंतरच्या दशकात अशाच चाकावर स्वतः चढून श्रम करताना श्वासाचे प्रमाण किती वाढते ते मोजले. माप म्हणून पाहिले तर हे चाक निर्दोष होते. माणसाचे वजन ठाऊक, चढलेली उंची ठाऊक. यंत्राला मध्ये काही लपविण्यास जागाच नव्हती. शिक्षा म्हणून ते काय होते, हे सांगणे नलगे.

सायकल प्रयोगशाळेत आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तिच्या मापाविषयी सर्वांत मोठी दक्षता अमेरिकेत दाखविली गेली. कनेटिकट संस्थानातील मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर व पदार्थवैज्ञानिक एडवर्ड रोझा यांनी १८९० नंतर एक विलक्षण खोली बांधली. लांबी सुमारे सात फूट, रुंदी चार फूट. भिंती धातूच्या व लाकडाच्या, एकीत एक बसविलेल्या. आत माणूस कित्येक दिवस राही, जेवी, झोपे. आणि त्याच्या अंगातून निघणारी सारी उष्णता नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर येई. पाणी किती व ते किती अंशांनी तापले, यावरून उष्णतेचा हिशेब लागे. पण माणसाला आत पाठविण्यापूर्वी या लोकांनी त्या खोलीचीच परीक्षा घेतली. आत ठराविक अल्कोहोल जाळले, तेवढ्या अल्कोहोलातून किती उष्णता निघावयास हवी हे ठाऊक होतेच, आणि खोली तेवढीच दाखविते काय हे पाहिले. फरक शंभरात एकाहूनही कमी निघाला. मगच तीत माणूस गेला, आणि त्याच्याबरोबर सायकल.

ही सायकल प्रथम एका लहान डायनामोला जोडलेली होती. पुढे अ‍ॅटवॉटरचा सहकारी फ्रॅन्सिस बेनेडिक्ट याने बोस्टन येथील कार्नेगी संस्थेच्या पोषण-प्रयोगशाळेचे काम हाती घेतले, आणि वॉल्टर केडी या पदार्थवैज्ञानिकाच्या साहाय्याने विजेच्या रोधाची सायकल सिद्ध करून १९१२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मागच्या चाकाच्या जागी तांब्याची जड तबकडी. ती विद्युच्चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून फिरावयाची. अशा वेळी तबकडीत विजेचे भोवरे उठतात, ते तिच्या गतीला विरोध करतात व तबकडी तापते. फूको याने १८५५ साली हेच दाखविले होते. चुंबकाला कोठेच शिवावे लागत नाही, पट्टा झिजत नाही, आवाज नाही. फार सुबक योजना. परंतु श्रोतेहो, यात एक गोम आहे. प्रोनीच्या दांड्यावर वजन टांगलेले होते. येथे बल तोलणारे काहीच नाही. चुंबकात वीज किती सोडली एवढेच ठाऊक. तेवढ्यावरून पायांना किती ओढ लागते हे कसे समजावे? शिवाय या रोधाची ओढ वेगाबरोबर बदलते. मिनिटाला ७० फेरे आणि १०० फेरे यांत एकेका फेऱ्याची किंमत सारखी राहत नाही.

बेनेडिक्टने यावर काढलेला तोडगा मला या सबंध इतिहासातील सर्वांत सुंदर प्रसंग वाटतो. त्याने सायकलच त्या उष्णतामापक खोलीत ठेवली. माणूस नाही, एकटी सायकल. तिचा आस भिंतीतून येणाऱ्या दांड्याने बाहेरच्या विजेच्या मोटारीला जोडला आणि ती फिरविली. खर्च झालेले सारे कार्य शेवटी उष्णताच होते, हे ज्यूलने १८४० नंतरच्या दशकात सिद्ध केले होते. तेव्हा खोलीतून जेवढी उष्णता बाहेर आली तेवढे कार्य सायकलीने खाल्ले, यात शंकेला जागा उरली नाही. निरनिराळे वेग व निरनिराळे विद्युत्प्रवाह घेऊन असे प्रयोग झाले आणि त्यांची कोष्टके तयार झाली. म्हणजे हे यंत्रही वस्तुतः अंदाजच करीत होते. पण त्या अंदाजामागे साक्षीदार होता, आणि साक्षीदाराचीही उलटतपासणी अल्कोहोलने आधीच झालेली होती. १९१३ साली बेनेडिक्ट व ग्लासगोचा कॅथकार्ट यांनी एका धंदेवाईक सायकलपटूवर केलेल्या प्रदीर्घ प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. श्रमासाठी शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पायडलवर कामी येतो व बाकीचा उष्णता होऊन जातो, ही आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट अशाच कामांवर उभी आहे. सायकलीचे माप शेकडा दहाने चुकले असते तर हे प्रमाणही तितक्याच हिश्शाने चुकले असते, आणि चूक सायकलीची की शरीराची हे कोणालाच कळले नसते.

त्याच १९१३ साली कोपनहेगनमध्ये आउगुस्ट क्रोग याने दुसरी वाट धरली. हाच तो क्रोग, ज्याला १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि ज्याच्या खटपटीने १९२३ पासून डेन्मार्कात इन्सुलिन तयार होऊ लागले. त्याच्याजवळ बोस्टनसारखी महागडी खोली नव्हती. त्याने तांब्याची तबकडी व विद्युच्चुंबक घेतला, पण चुंबक घट्ट न बसविता झुलता ठेवला. तबकडी फिरली की ती चुंबकालाही आपल्याबरोबर ओढू लागे, आणि ही ओढ पारड्यातील वजनांनी तोलली जाई. प्रोनीचा दांडाच पुन्हा नव्या वेषात आला म्हणावयाचा. कोष्टकांची गरज संपली. क्रोगच्या या सायकलीवर डेन्मार्कातील शरीरवैज्ञानिकांनी पुढे कित्येक वर्षे काम केले.

तराजू घरगुती आटोक्यात आणला तो स्वीडनने. १९५४ साली विल्हेल्म फोन डोबेल्न याने एका साध्या सायकलीचे वर्णन प्रसिद्ध केले : जड चाकाभोवती पट्टा आवळलेला, आणि पट्ट्याची ओढ एका लोंबत्या लंबकाने दाखविलेली. पट्टा तापला, घर्षण बदलले, तरी लंबक हलतो व डोळ्यांना दिसतो. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा परिघ ६ मीटर पुढे जातो अशी दातेचाकांची योजना होती. मिनिटाला ५० फेरे म्हणजे ३०० मीटर. ओढ २ किलोग्रॅम वजनाइतकी ठेवली की मिनिटाला ६०० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे ९८ वॅट. पाढे येणाऱ्या मुलाने करावा असा हा हिशेब आहे. जाता जाता सांगतो, याच लंबकाला मुंबईत आणले तर तो यत्किंचित खोटे बोलेल. विषुववृत्ताकडे येताना गुरुत्वाकर्षण घटते. स्टॉकहोम व मुंबई यांच्यात ते सुमारे शेकडा एक-तृतीयांशाने कमी आहे. एवढ्याने कोणाचे बिघडत नाही. ज्याने बिघडते ती चूक साखळीत लपलेली आहे. लंबक मोजतो ती ओढ चाकावरची. पाय देतात ते श्रम मात्र पायडलवर. मधल्या साखळीत व आसांत सुमारे शेकडा ९ हिस्सा मुरतो, असे स्वीडनच्या संशोधकांनीच नमूद केले आहे. म्हणजे सायकल ९८ म्हणते तेव्हा पाय १०७ च्या आसपास देत असतात. साखळी कोरडी व गंजलेली असली तर याहूनही अधिक.

येथे हा विषय केवळ विद्वानांचा उरत नाही. त्याच १९५४ साली पेर-ओलोफ ओस्ट्रांड व इर्मा र्‍यूमिंग यांनी एक आलेख सिद्ध केला. ठराविक वॅटवर काही मिनिटे सायकल चालवावयाची, नाडी मोजावयाची, आणि आलेखावरून त्या माणसाची प्राणवायू घेण्याची कमाल क्षमता वाचावयाची. फुफ्फुसांना नळ्या न लावता दमाचा अंदाज मिळू लागला. परंतु तो आलेख ज्या घडणीच्या सायकलीवर बनला त्याच घडणीच्या सायकलीवर तो चालतो. तिच्या साखळीचा पासंग त्यात आधीच धरलेला आहे. दुसऱ्या एखाद्या यंत्राने १५० म्हणून प्रत्यक्षात १६५ वॅटचे श्रम करवून घेतले, तर नाडी वाढणार, आणि आलेख त्या बिचाऱ्याला दुबळा ठरविणार. हृद्रोग्याच्या बाबतीत तर हे आणखी नाजूक. गेल्या वर्षी १०० वॅटला हृदयाच्या आलेखात बदल दिसू लागला, यंदा १२५ पर्यंत दिसला नाही. डॉक्टर समाधानाने मान हलवितात, घरची मंडळी पेढे वाटतात. मध्यंतरी इस्पितळाने सायकल बदलली असेल, तर सुधारणा हृदयात झाली की यंत्रात?

म्हणून मापाचे दोन गुण वेगळे ओळखले पाहिजेत. घरातले घड्याळ रोज नेमके दहा मिनिटे पुढे असेल तर त्यावर गाडी चुकत नाही; आपण मनातल्या मनात दहा वजा करतो. वॅटचा फुगलेला घोडा हा असाच प्रकार. पण जे घड्याळ कधी पाच मिनिटे पुढे, कधी सात मिनिटे मागे जाते, त्याला अडगळीत टाकावे हे बरे. पहिल्यात खरेपणा नाही पण सातत्य आहे. दुसऱ्यात दोन्ही नाहीत. एकाच माणसाने एकाच सायकलीवर महिनोन्‌महिने व्यायाम करून आपली प्रगती पाहावयाची असेल, तर सातत्य पुरते. दोन माणसांची किंवा दोन यंत्रांची तुलना आली की खरेपणा लागतो.

घरगुती यंत्रे पुढे सर्रास अंदाजाच्या वाटेने गेली, आणि बेनेडिक्टची खोली मात्र मागेच राहिली. आजच्या पुष्कळशा सायकलींत फिरत्या चाकाजवळ कायमचे चुंबक असतात. खुंटी पिळली की ते जवळ येतात व ओढ वाढते. यंत्र बल तोलीत नाही. खुंटी कोठवर आली आणि चाक किती वेगाने फिरते एवढे पाहून ते कारखान्यात भरून ठेवलेल्या कोष्टकातून आकडा काढते. ते कोष्टक बहुधा त्या नमुन्याचे असते, तुमच्या घरातील त्या विशिष्ट सायकलीचे असेलच असे नाही. चुंबक केसभर इकडेतिकडे बसला की कोष्टक चुकलेच. त्यातून तबकडी तापते. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युत्‌रोध दर सेल्सिअस अंशाला सुमारे शेकडा ०.४ ने वाढतो. रोध वाढला की विजेचे भोवरे मंदावतात आणि ओढ कमी होते. तबकडी वीस अंशांनी तापली तर, फार वेग नसताना, ओढ शेकडा सातआठने घटू शकते. कोष्टकाला याची वार्ता नाही. अर्धा तास झाल्यावर ‘आज दम चांगला टिकला’ असे जे वाटते, त्यात थोडा हात तापलेल्या धातूचाही असू शकतो!

तोलण्याची वाट पुन्हा उघडली ती जर्मनीत. १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूगे यांनी स्वतंत्रपणे ताण मोजणारी बारीक तारेची पट्टी शोधली होती. धातू केसाच्या शतांशाने ताणला तरी तारेचा विद्युत्‌रोध बदलतो. १९८६ साली उलरिख शोबेरर या इंजिनिअरने अशा पट्ट्या पायडलच्या भुजेच्या मुळाशी बसविल्या. साखळीच्या अलीकडेच बल तोलले गेले. मुरणारा हिस्सा हिशेबातून सुटला. पण दोष येथेही शिरतात. हवा थंड वा उष्ण झाली की पट्टीचे शून्य सरकते, म्हणून दर वेळी आधी शून्य पाहावे लागते; म्हणजे पुन्हा रिकामी पारडी! काही स्वस्त मापक फक्त डाव्या पायाचे बल मोजतात व दुप्पट करून सांगतात. जणू दोन्ही पाय सख्खे जुळे भाऊ. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी ९ कंपन्यांचे ५४ मापक पारखून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. सर्वांची सरासरी घेता चूक शेकडा एकाहून कमी, परंतु एकेकटे पाहता काही शेकडा पाचाहूनही अधिक चुकणारे. आणि त्यांनी साक्षीदार कोणता घेतला होता? उताराचा फिरता पट्टा. त्यावर सायकल चढवावयाची, वजन ठाऊक, चढण ठाऊक. तुरुंगातल्या त्या चाकाचाच हिशेब.

२०२० सालच्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय सायकल संघाने घरबसल्या सायकलींची पहिली जागतिक स्पर्धा भरविली. स्पर्धक आपापल्या घरी, शर्यत पडद्यावर, आणि हारजीत सर्वस्वी वॅटच्या आकड्यावर. तेव्हा सर्वांना एकाच बनावटीचे यंत्र देण्यात आले, हे योग्यच झाले. पुरुषांत जिंकला तो जेसन ऑस्बोर्न हा जर्मन तरुण, मूळचा वल्हवणारा. ३०० वॅटमध्ये शेकडा एकाची चूक म्हणजे ३ वॅट. अशा शर्यतीत तेवढ्यानेही क्रम बदलू शकतो.

सामान्य गृहस्थाला उष्णतामापक खोली मिळणार नाही. पण ज्याच्या सायकलीत भुजेवर बल तोलणारा मापक आहे, त्याला एक साधी पारख करता येते. भुजा आडवी ठेवावी, चाक हलणार नाही असे अडकवावे, आणि पायडलच्या आसावर २० किलोग्रॅमचे वजन टांगावे. भुजा १७० मिलिमीटर लांब असेल तर पिळाचे माप सुमारे ३३ न्यूटन-मीटर आले पाहिजे. मिनिटाला ९० फेऱ्यांनी हाच पीळ कायम राहिला तर ३१३-३१४ वॅट होतात. फिरताना उद्भवणाऱ्या चुका यातून कळत नाहीत, आणि चुंबकाच्या सायकलीला तर ही पारख लागूच नाही, कारण उभ्या चाकात विजेचे भोवरे उठत नाहीत. वजन मात्र वजनमापे खात्याचा शिक्का असलेले घ्यावे. व्यायामशाळेतल्या लोखंडी चकत्यांवर जो आकडा ओतलेला असतो, तो एकदा शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ताडून पाहिला म्हणजे का, ते कळेल.